माऊस मेले, रॅट ठणठणीत : लिव्हर फ्लूकसाठी प्रयोगप्राणी निवडताना

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा एमव्हीएससीचा, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी, विषय लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतात राहणारा चपटा परजीवी किडा. कत्तलखान्यातून म्हशीचं यकृत आणलं, फ्लूकची अंडी काढली, गोगलगायींना लागण करून मेटासर्केरिया, म्हणजे पिल्लू फ्लूकचे लागण करणारे कोष, मिळवल्या. त्याच मेटासर्केरिया, तेवढ्याच संख्येने, माऊसला (प्रयोगशाळेतला छोटा उंदीर) आणि रॅटला (मोठा उंदीर) पाजल्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माऊस मेले. रॅट दहा आठवडे झाले तरी ठणठणीत, लेंडीत एकही अंडं नाही. गाईड म्हणतात मेटासर्केरिया खराब होत्या. एक पेपर म्हणतो रॅट लिव्हर फ्लूकला दाद देत नाही, दुसरा म्हणतो रॅट हेच उत्तम मॉडेल. खरं कोणाचं मानायचं आणि पुढे कोणता प्राणी घ्यायचा?

आधी गाईडच्या शंकेबद्दल बोलू. मेटासर्केरिया खराब असत्या तर माऊस मेले नसते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मेलेले माऊस उघडून पाहिले असतील तर यकृतावर रक्ताळलेल्या वाकड्यातिकड्या रेघा, पोटात रक्तमिश्रित पाणी आणि यकृताच्या कडेला फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा) पांढरट थर दिसला असेल. हे सगळं चालत्या-फिरत्या पिल्लू फ्लूकचं काम. पाजताना नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर प्राणी त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत जातो, तीन आठवडे थांबत नाही. तेव्हा माल चांगला होता असं मी धरून चालतो. पुढच्या वेळी मात्र हा वाद प्रयोगाआधीच मिटवा. थोड्या मेटासर्केरिया बाजूला काढा, ३७ अंशांवर सोडियम डायथायोनाईटच्या द्रावणात ठेवा, मग पित्तक्षार घाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसा. जिवंत असेल तर आतलं पिल्लू आधी कोषातच गोल गोल वळवळायला लागतं, मग एका बाजूच्या बुचातून तोंड खुपसून, अंग लांबवून-आखडून बाहेर येतं. शेकडा किती बाहेर आली ते वहीत लिहून ठेवा. परीक्षक हाच प्रश्न विचारतात.

आता खरी अडचण. 'रॅटला लागण होते का?' या एका प्रश्नाच्या पोटात निदान चार प्रश्न आहेत. परजीवी आत शिरतो का? शिरला तर योग्य अवयवापर्यंत पोचतो का? पोचला तर वाढून अंडी घालतो का? आणि हे सगळं होताना प्राणी आजारी पडतो का? पाचवाही एक आहे, एकदा लागण झालेला प्राणी दुसऱ्या लागणीला अडवतो का. प्रत्येक पेपर यातल्या एखाद-दुसऱ्याचंच उत्तर देतो आणि शीर्षकात मात्र सरसकट शब्द वापरतो. तुमचे दोन्ही पेपर त्यामुळे बरोबर असू शकतात.

लिव्हर फ्लूकची एक जात, फॅसिओला हेपॅटिका, तिचं घ्या, कारण त्यावर काम सगळ्यात जास्त झालंय. माऊसमध्ये मेटासर्केरिया आतड्यात फुटते, पिल्लू आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत येतं, तिथून यकृतात घुसतं, काही आठवडे यकृत पोखरत हिंडतं आणि शेवटी पित्तनलिकेत स्थिरावतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंडी दिसू लागतात. रॅटमध्ये तोच प्रवास, पण अंडी यायला आठ-नऊ आठवडे. मेंढीत दहा ते बारा. माऊस इतका सहज लागण घेतो की दोन-तीन मेटासर्केरिया दिल्या तरी प्रयोग उभा राहतो. दहा-पंधरा दिल्या तर बरेच माऊस अंडी दिसण्याआधीच मरतात. रॅटला वीसेक सहज दिल्या जातात आणि तो जगतो.

इथे बहुतेक विद्यार्थी म्हणतात, म्हणजे माऊसची प्रतिकारशक्ती कमी. तेवढंच नाही. माऊसचं अख्खं यकृत दीड-एक ग्रॅमचं आणि पूर्ण वाढलेला हेपॅटिका दोन-तीन सेंटिमीटर लांब. त्या यकृतात चार-पाच फ्लूक एकाच वेळी बोगदे खणत असतील तर मरायला प्रतिकारशक्ती दुबळी असण्याची गरज नाही. रॅटचं यकृत दहा ग्रॅमच्या आसपास, तेवढंच नुकसान त्याला पेलतं. म्हणून प्राण्यांची तुलना करताना 'सारखाच डोस' ही गोष्ट कागदावर नीट दिसते, प्रत्यक्षात ती तुलनाच होत नाही. दोन प्राण्यांची तुलना करायची तर प्रत्येकाला दोन-तीन वेगळे डोस द्यायला हवेत.

रॅटची ताकद खरी दिसते ती दुसऱ्या लागणीत. आधी लागण झालेल्या रॅटला पुन्हा मेटासर्केरिया दिल्या तर त्यातल्या बहुतेक आतड्याच्या भिंतीतच संपतात, यकृतापर्यंत येतच नाहीत. माऊसमध्ये असं ठळक काही दिसत नाही. ज्याला लसीवर काम करायचंय किंवा अडवणूक कशी होते ते पाहायचंय, त्याच्यासाठी रॅट उत्तम मॉडेल. ज्याला कमीत कमी मेटासर्केरियांत भरवशाची लागण हवीय, त्याच्या दृष्टीने रॅट त्रासदायक. दोन पेपरांतला विरोध एवढाच.

रॅट हे करतो कसं? एक धागा चांगला सापडलाय. रॅटच्या पोटाच्या पोकळीतल्या पेशी काचपात्रात घेतल्या, सोबत लागण झालेल्या रॅटचा सीरम घातला, तर त्या पिल्लू फ्लूकला मारतात आणि त्यात नायट्रिक ऑक्साईडचा हात असतो. हेच रसायन रॅटला शिस्टोसोमापासूनही, म्हणजे रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या फ्लूकपासूनही, वाचवतं. शिस्टोसोमा रॅटच्या कातडीतून आत जातात, यकृतापर्यंत येतात, पण चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्यांची गच्छंती सुरू होते. उरतात ते खुरटलेले, धड अंडी न घालणारे. २०१७ मध्ये ज्या रॅटमधून नायट्रिक ऑक्साईड बनवणाऱ्या एंझाइमचं जनुक काढून टाकलं होतं, त्यांच्यावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्या रॅटमध्ये शिस्टोसोमाची एक जात, शिस्टोसोमा जपोनिकम, मोठा झाला, त्याने अंडी घातली आणि यकृतात गाठी झाल्या. म्हणजे ज्याला आपण 'रॅटचा स्वभाव' समजत होतो, त्याचा मोठा भाग एका एंझाइमवर उभा होता.

पण म्हणून 'रॅटला शिस्टोसोमा होत नाही' असं लिहू नका. प्रयोगशाळेतला रॅट म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर रॅटस रॅटस, आपला घरातला काळा उंदीर, शिस्टोसोमा मॅन्सोनी या दुसऱ्या जातीची लागण निसर्गातच घेतो, जिवंत अंडी टाकतो आणि दलदलीच्या भागात रोगाचं चक्र चालू ठेवतो. जात बदलली की उत्तर बदलतं. चीनमध्ये नेमकं उलटं उदाहरण आहे. मायक्रोटस फोर्टिस नावाचा रानउंदीर जपोनिकमच्या भागातच राहतो, दूषित पाण्यात वावरतो आणि तरी त्याच्या अंगात परजीवी मोठा होत नाही.

माऊसच्या वंशांचं (प्रयोगशाळेत जपलेल्या वेगवेगळ्या वाणांचं) प्रकरण याहून मजेशीर आहे आणि त्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण प्रबंधात इथेच घसरण होते. शिस्टोसोमा मॅन्सोनीसाठी माऊस हा नेहमीचा यजमान. शंभर सर्केरिया (कातडीतून शिरणारी पिल्लं) लावल्या तर साधारण तीस ते चाळीस मोठे किडे मिळतात. उरलेले कुठे जातात? पूर्वी सगळ्यांचं बोट कातडीकडे होतं. किरणोत्सारी सेलेनियमने सर्केरिया खुणावून त्यांचा माग काढला तेव्हा बरीच गळती फुप्फुसात होते असं दिसलं. मग १२९ नावाच्या वंशाचे माऊस आले. त्यांच्यात काहींच्या पोटात नेहमीइतके किडे, काहींत जवळजवळ काही नाही. एकाच वंशाचे, एकाच पिंजऱ्यातले. पहिला संशय अर्थातच प्रतिकारशक्तीवर गेला. निघालं भलतंच. यातल्या अनेक माऊसमध्ये यकृताला वळसा घालून जाणाऱ्या जादा रक्तवाहिन्या असतात. आतड्याकडून येणारं रक्त यकृतात न शिरता परस्पर मोठ्या शिरेत जातं आणि त्याबरोबर पिल्लू शिस्टोसोमाही पुन्हा फुप्फुसात जाऊन पडतात. परजीवीला कोणी मारत नव्हतं, त्याचा रस्ता चुकत होता.

याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. जुनी लागण असलेल्या माऊसच्या यकृतात अंड्यांभोवती गाठी होतात, दाब वाढतो आणि असेच वळसे नव्याने तयार होतात. त्याला दुसरी लागण दिली की किडे कमी मिळतात आणि संशोधक लिहितो, 'प्रतिकारशक्ती निर्माण झाली.' कित्येक वर्षं असं लिहिलं गेलं. म्हणून 'लागण-पुन्हा लागण' प्रकारचा माऊसचा प्रयोग पाहिला की मी आधी शोधतो, फुप्फुसं तपासली होती का. नसतील तर तो निष्कर्ष मी वापरत नाही.

प्रतिकारशक्ती काढून घेतली की लागण वाढते हेही डोळे झाकून धरू नका. २००१ मध्ये दाखवलं गेलं की लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या माऊसमध्ये शिस्टोसोमा मॅन्सोनी उलट खुरटतो. त्याला वाढायला यजमानाच्या सीडी-४ पेशींचा, लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराचा, कसलातरी इशारा लागतो. टी-पेशी (हाही लिम्फोसाइटचाच प्रकार) काढलेल्या माऊसच्या विष्ठेतही अंडी कमी येतात, कारण आतड्याच्या भिंतीतून अंडं बाहेर ढकलायला भोवतालची सूज कामी येते. आणि हेच माऊस लवकर मरतात, कारण अंड्यांतून झिरपणारं विष अडवायला गाठच नीट बनत नाही. किडे कमी, अंडी कमी, मृत्यू जास्त! एका आकड्यात हे कसं बसवणार?

लिंगाचाही फरक असतो. मॅन्सोनीच्या बाबतीत मादी माऊसमध्ये नरापेक्षा जास्त किडे टिकतात आणि टेस्टोस्टेरॉन देऊन हा आकडा खाली येतो. वयाबद्दल लांबण लावत नाही. एका गटात एकाच वयाचे, एकाच लिंगाचे प्राणी ठेवा, एवढं पाळलंत तरी निम्मा गोंधळ टळेल.

हॅमस्टरबद्दल कोणी विचारलं नाही, तरी लिहितो. फ्लूकच्या जगात गोल्डन हॅमस्टर म्हणजे सगळ्यांना घरात घेणारा धर्मशाळेचा मालक. मॅन्सोनीचं चक्र प्रयोगशाळेत चालू ठेवायला तोही वापरतात. थायलंडमधला ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी हा लिव्हर फ्लूक त्याच्यात उत्तम वाढतो आणि सोबत नायट्रोसअमाइन हे कर्करोगकारक रसायन दिलं तर पित्तनलिकेचा कर्करोगही होतो, म्हणून थायलंडमधल्या खोन केनकडचं बरंच काम हॅमस्टरवर आहे. क्लोनॉर्किस या आणखी एका लिव्हर फ्लूकमध्ये रॅट आणि हॅमस्टर यांचा फरक पुन्हा तोच दिसतो. पहिली लागण दोघेही घेतात, दुसरीला रॅट जोरात अडवतो, हॅमस्टर जवळजवळ अडवत नाही. लसीचा प्रयोग हॅमस्टरवर करून 'लस चालली नाही' म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

तरीही हॅमस्टर म्हणजे माणूस नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचं केंद्र शोधलं, फेरिसिया टेन्युइस ही चिमुकली गोगलगाय त्याची यजमान म्हणून पुढे आली. तिथल्या लोकांची तक्रार लघवीतून रक्त जाण्याची. आता हेमॅटोबियम गटाचा हाच परजीवी हॅमस्टरला द्या, लागण होईल, पण अंडी जाऊन बसतील मुख्यतः यकृतात आणि आतड्यात. मूत्राशयाचा आजार हवा असेल तर हॅमस्टर उपयोगाचा नाही. काही गटांनी शेवटी माऊसच्या मूत्राशयाच्या भिंतीतच अंडी टोचली, ती यामुळे.

आणि लागण म्हणजे आजार नव्हे, हे दाखवायला परदेशी पेपर लागत नाहीत. शिस्टोसोमा नेझॅल या जातीची लागण गाय-बैलांना झाली की नाकात फुलकोबीसारखी वाढ होते, जनावर घोरायला लागतं आणि शेतकऱ्याला लांबूनच कळतं. म्हशीलाही लागण होते, पण ती बहुतेक वेळा मुकाट चरत असते. घोरणाऱ्या जनावरांची गणती करून कोणी म्हशीला 'प्रतिकारक्षम' ठरवलं तर चूकच. नाकातला शेंबूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवा.

एक टोकाचं उदाहरण देऊन हा भाग संपवतो. पॅरागोनिमस वेस्टरमनी, फुप्फुसातला फ्लूक, मांजर-कुत्र्यात फुप्फुसात जाऊन मोठा होतो. माऊस-रॅटमध्ये तो मरतही नाही आणि वाढतही नाही. पिल्लू स्नायूत जाऊन थांबतं आणि कोणीतरी मांसाहारी त्या उंदराला खाईल याची वाट पाहतं. त्या रॅटच्या लेंडीत तुम्हाला कधीच अंडी मिळणार नाहीत. त्याला 'लागण नाही' म्हणाल की 'लागण आहे'?

आता तुमच्या रॅटकडे येऊ. यकृत म्हशीचं होतं आणि तुम्ही मैदानी भागात आहात, म्हणजे परजीवी जवळजवळ नक्की फॅसिओला जायगांटिका, म्हणजे हेपॅटिकाची भाऊबंद जात, हेपॅटिका नव्हे. हेपॅटिका आपल्याकडे डोंगराळ थंड भागातला. तुम्ही वाचलेले बहुतेक पेपर हेपॅटिकाचे आहेत आणि तिथला आठ-नऊ आठवड्यांचा आकडा तुम्ही जायगांटिकाला लावताय. जायगांटिकाला हक्काच्या यजमानात, गायी-म्हशीतच, अंडी घालायला साधारण १३ ते १६ आठवडे लागतात. शिवाय रॅट हा त्याच्यासाठी गैरसोयीचा यजमान आहे. तो बहुधा अर्धवट वाढतो, अंड्यांपर्यंत क्वचित पोचतो. दहाव्या आठवड्याला अंडी नाहीत यात आश्चर्य काहीच नाही. त्यावरून लागण झाली नाही असंही म्हणता येत नाही.

हे दोन भाऊ किती वेगळे वागतात ते मेंढीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. इंडोनेशियातली बारीक शेपटीची मेंढी जायगांटिकाला चांगली अडवते, पण हेपॅटिकापुढे ती मेरिनो मेंढीइतकीच हतबल ठरते. काचपात्रात तिच्या पेशी जायगांटिकाच्या पिल्लांना सुपरऑक्साईडने मारतात, हेपॅटिकाला नाही. आणि रॅट हेपॅटिकाला मारतो तो नायट्रिक ऑक्साईडने. म्हणजे प्राणी तोच ठेवून परजीवी बदलला तरी, आणि परजीवी तोच ठेवून प्राणी बदलला तरी, मारण्याची तऱ्हा बदलू शकते. म्हणून रॅटमध्ये सापडलेलं मेंढीला लावू नका आणि मेंढीचं म्हशीला तर नकोच.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? राहिलेले रॅट आणखी अंड्यांची वाट पाहत ठेवले नसते. परवानगीत बसत असेल तर ते आता उघडा. यकृताचा डावा खंड नीट पाहा, पांढरट भरलेल्या रेघा दिसल्या तर फ्लूक आत गेले होते. मग यकृताचे पातळ काप करून कोमट सलाईनमध्ये दाबून धुवा, गाळाला बिनॉक्युलरखाली पाहा. मोठी पित्तनलिका फुगून जाड झालीय का तेही बघा. पित्ताशय शोधू नका, रॅटला ते नसतंच. दरवर्षी कोणीतरी ते शोधण्यात पंधरा मिनिटं घालवतं. पोटाची पोकळी धुतलेलं पाणीही टाकू नका, भरकटलेले फ्लूक तिथे मिळतात. फुप्फुसांवरही एक नजर टाका.

यकृतावर रेघा आहेत आणि फ्लूक लहान, अपुरे वाढलेले मिळाले, तर तुमचा निष्कर्ष आहे, 'शिरले, पोचले, पण वाढले नाहीत.' रेघाच नाहीत, तर अडवणूक यकृताच्या आधीच झाली. मग पुढच्या गटात मेटासर्केरिया न पाजता काचपात्रात फोडलेली पिल्लं सरळ पोटाच्या पोकळीत टोचा. त्यातून लागण झाली तर अडसर आतड्यात होता. तरीही झाली नाही तर तो पोकळीत किंवा यकृतात आहे. एवढा एक गट वाढवला की 'रॅट रेझिस्टंट आहे' या वाक्याला काहीतरी अर्थ येतो. मला विचाराल तर प्रबंधाचं खरं प्रकरण हेच.

नवीन प्राणी मागवताना विषय काय ते आधी ठरवा. औषधाची चाचणी असेल आणि मेटासर्केरिया कमी असतील तर माऊस घ्या, डोस खूप खाली आणा. लसीचं किंवा पुन्हा लागणीचं काम असेल तर रॅट, पण मग हेपॅटिका मिळवावा लागेल आणि तो मैदानात मिळणं कठीण. जायगांटिकाचीच अंडी हवी असतील तर उंदरांच्या नादी न लागता गाईडशी शेळी किंवा मेंढीबद्दल बोला. खर्च वाढेल, पण एका प्राण्यात काम भागेल.

आणखी एक. माऊस पिंजऱ्यात मरेपर्यंत थांबण्याचा आराखडा आता संस्थेची प्राणी-नैतिकता समिती मान्य करणार नाही आणि तसं करूही नये. वजन किती टक्के घटलं, अंगावरचे केस कधी उभे राहिले, हालचाल कधी मंदावली, या खुणा आधीच ठरवा आणि त्या दिसताच प्राणी वेदनारहित पद्धतीने संपवा. त्यात तुमचाही फायदा आहे, कारण रात्री मेलेल्या माऊसच्या यकृताचा सकाळपर्यंत चिखल होतो आणि त्यातले फ्लूक धड मोजताही येत नाहीत. हातमोजे घालून काम करा आणि भांडी उकळत्या पाण्यातून काढा. या मेटासर्केरिया माणसालाही चालतात.

रॅट उघडल्यावर काय मिळालं ते इथेच लिहा. फ्लूक मिळाले तर त्यांची लांबी-रुंदी नक्की मोजा, नुसती संख्या पुरणार नाही.